मटाराच्या मशीनवर माझी मोजणी

चहा थंड झाला तरी चालेल, पण आधी हे ऐका बाप्पा! माझी अशी फजिती झाली की घरचे लोक अजून जेवताना आठवून आठवून हसतात. आणि तरीही मी मान वर करून सांगते. काहून? ऐका तर खरं.

जबलपूरच्या सदर भागातल्या एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रामर आहे. आमच्या इथला मटार कुठे कुठे जातो तुम्हाला माहीत आहेच. गढा भागातल्या एका सेठजींनी आमच्याकडून मटाराचे दाणे निवडायची मशीन बनवून घेतली. पट्ट्यावरून दाणे पळतात, वरून कॅमेरा पाहतो, प्रोग्राम ठरवतो दाणा चांगला की किडका. किडका असला की हवेचा फटका, दाणा बाहेर! पण ठरवायचं पापणी लवायच्या आत. उशीर झाला की किडका दाणा सरळ पोत्यात.

निवडीचा प्रोग्राम लिहिला विवेकने. माझ्याच बरोबरीचा, पण मला दीदी म्हणतो. माझं काम मोजणीचं. प्रोसेसरच्या आतच बारीक बारीक काउंटर असतात. किती काम झालं, कुठे थांबावं लागलं, सगळं मोजत राहतात. ते वाचले की प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते कळतं. लोक अधूनमधून वाचतात. मी? मी प्रत्येक दाण्याच्या तपासणीतल्या प्रत्येक पायरीआधी आणि पायरीनंतर वाचायला लावले! एवढं बारीक काम कोण करतं हो आजकाल?

मोजणी जोडली, मशीन सुरू केली, आणि किडके दाणे मजेत पोत्यात जाऊन राहिले.

"दीदी, कल तक तो ठीक चल रही थी," विवेक म्हणाला.

"कल तक कोई नाप नहीं रहा था, विवेक!"

वा! काय बोलले मी! आकडेही माझ्याच बाजूने होते. प्रत्येक पायरी जड, प्रत्येक पायरी सुस्त. मी ते आकडे त्याच्यासमोर असे ठेवले जसा मास्तर नापास पोराचा पेपर ठेवतो. बिचाऱ्याने अर्धा प्रोग्राम पुन्हा लिहिला. तरी तेच. मी म्हटलं, अजून बारकाईने मोजते. काउंटर वाचायच्या जागा वाढवल्या. मशीन आणखी मंदावली. मग मी कंपनीच्या साहेबांच्या मागे लागून नवा कॉम्प्युटर आणवला. तरी दाणे सुटतच होते!

इकडे हंगाम दारात. सेठजी म्हणाले, "मैडम, मंडी में मटर आने लगा है। शनिवार तक नहीं चली तो अपनी मशीन उठा ले जाना।"

मशीन परत आली असती तर आमची छोटी कंपनी आडवीच झाली असती. साहेबांचा चेहरा पाहवत नव्हता.

शनिवारी सगळे सेठजींच्या गोदामात. सेठजी खुर्चीवर, साहेब उभे. विवेकने गुपचूप एक दुसरंच टूल चालवलं. प्रोग्रामचा कोणता तुकडा किती वेळ खाऊन राहिला त्याची यादी ते दाखवतं, सगळ्यात खादाड सगळ्यात वर. यादी मोठ्या स्क्रीनवर आली. सेठजींनी चष्मा वर केला.

"मैडम, वर्षा तो आपका ही नाम है न?"

अहो, काउंटर वाचणाऱ्या तुकड्याला मी कौतुकाने स्वतःचंच नाव दिलं होतं! आणि तेच नाव पहिल्या नंबरावर, बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे.

झालं असं, की दर वेळी काउंटर वाचायला माझा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडे जात होता. हातातलं काम थांबवा, तिला विचारा, ती आकडा आणून देणार, मग परत या. एकदोनदा ठीक आहे हो. एकेका दाण्यामागे इतक्यांदा?

"प्रोसेसर मटर कम, दीदी को ज़्यादा देख रहा था," विवेक म्हणाला. साहेबांनी हसू दाबायला रुमाल काढला. मला वाटलं, पोत्यात शिरून बसावं.

"गलती मेरी है, विवेक. तेरा कोड एकदम बढ़िया है," मी म्हटलं.

"तो नापना बंद कर दो, झंझट खतम!" सेठजी.

बंद? मी? उद्या मशीन अडली तर कुठे अडली ते कसं कळणार? म्हटलं, "शाम तक रुकिए, सेठजी!"

पोत्यावर लॅपटॉप ठेवला आणि बसले. दुसरा रस्ता आहे नं! सुरुवातीला एकदाच सिस्टिमची परवानगी घ्यायची, मग प्रोग्राम स्वतःच थेट प्रोसेसरमधून काउंटर वाचतो. मध्ये कोणाला विचारणं नाही, थांबणं नाही. फक्त वाचता वाचता सिस्टिमने काही बदललं का ते पाहायचं, बदललं असलं तर पुन्हा वाचायचं. ते सगळं मी संध्याकाळच्या आत बसवलं, हो!

मशीन सुरू झाली. फट्, फट्, किडके दाणे बाहेर! मोजणी चालू, आणि एक दाणा सुटला नाही. सेठजींनी पुन्हा यादी मागितली. वर माझं नाव नाही. मध्ये नाही. विवेक यादी सरकवत खाली, खाली, अगदी तळाला गेला.

"बधाई हो मैडम! आप तो सबसे नीचे आ गईं!" आणि मशीन त्यांनी ठेवून घेतली.

मी उड्या मारायचीच बाकी होते. सगळ्यांना खोव्याची जिलेबी आणली, आईला फोन लावला.

"आई, मशीन चालली! यादीत माझा शेवटचा नंबर आला! सगळ्यांना जिलेबी वाटून राहिले!"

आई म्हणाली,

"अच्छा? शाळेत शेवटचा नंबर आला होता तवा तर प्रगतिपुस्तक गादीखाली लपवलं होतं तू."