आप्पांची पेटी आणि मी मारलेला भाता

सासऱ्यांची हार्मोनियम मी खोलली, तेव्हा तिला काहीही झालेलं नव्हतं. जे झालं ते खोलल्यावर झालं.

सासरे म्हणजे आप्पा. सोनईच्या मारुती मंदिरात सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या भजनाला, गेली चाळीस वर्षं त्यांचीच पेटी असते. मी राहतो भिंगारला. घरी बसून प्रोग्रॅमिंगची नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर वाद्यं बनवतो. बनवतो म्हणजे आवाज रेकॉर्ड करून वाजवत नाही हं! (ते कुणीही करतं.) पितळी पातं किती लांब, किती जाड, त्यावरून हवा किती जोरात जाते, हे सॉफ्टवेअरला सांगायचं. मग ते पातं कसं थरथरेल याचं गणित करून सॉफ्टवेअर स्वतःच आवाज काढतं. "वाद्य नाही, पण वाद्याचं वागणं आहे!" हे वाक्य मी बायकोला, म्हणजे सुनंदाला, इतक्यांदा ऐकवलंय की भाजी निवडता निवडता ती ते माझ्याआधी पूर्ण करते.

तर मला आप्पांच्या पेटीतल्या पात्यांची मापं हवी होती. "सप्ताहाआधी साफ करून आणतो," असं सांगून मी पेटी भिंगारला आणली. साफ खोटं! शनिवारी सकाळी पाती एकेक करून काढली, वर्तमानपत्रावर ओळीने मांडली, मोजली, आकडे कॉम्प्युटरला दिले. आवाज असा निघाला की मीच मला टाळी दिली. तेवढ्यात कुरिअरवाल्याने बेल वाजवली, मी उठलो आणि माझा पाय वर्तमानपत्रावरून सरकला. ऐंशीच्या आसपास पाती कपाटाखाली, सोफ्याखाली आणि एकमेकांखाली गेली. सगळी गोळा केली, पण कुठलं कुठे बसतं ते एकाचंही सांगता येईना.

श्रीरामपूरच्या पेटी दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "घेऊन या. पंधरा दिवस लागतील." काला सोमवारी सकाळी होता.

"आप्पांना सांगा," सुनंदा म्हणाली.

"सांगतो."

"कधी?"

"काला झाल्यावर."

"अहो, काल्यालाच तर पेटी लागणार आहे! यंदा बोटं आखडतात म्हणत होते. पुढच्या वर्षी बसायला मिळेल न मिळेल, असं म्हणत होते ते!" तिचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांचा मान, त्यातही बहुधा शेवटची बैठक, आणि पेटीचा प्राण माझ्या घरी स्टीलच्या डब्यात!

मग मला एक युक्ती सुचली. (माझ्या युक्त्यांबद्दल सुनंदाचं मत इथे देत नाही.) पेटीच्या पट्ट्या काढून त्या जागी मी एक छोटा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड बसवला. आत बिनवायरचा ब्लूटूथ स्पीकर ठेवला. मागच्या बाजूने कीबोर्डची वायर काढून ती लॅपटॉपला जोडली. लॅपटॉप शालीखाली आणि शालीमागे मी. आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, एवढ्याच भांडवलावर हा सगळा उद्योग उभा होता.

पण एक गोची राहिली. खरेपणाच्या हौसेपायी मी त्या कॉम्प्युटरच्या पेटीलाही भाता दिला होता. स्पेसबार दाबत राहिलं तरच हवा भरायची, थांबलं की सूर मरायचा! आप्पांच्या हातातला खरा भाता आता नुसताच हलणार होता. म्हणजे त्यांचा डावा हात बघून, त्यांच्याच ठेक्यात, मागे बसून मी स्पेसबार मारायचा.

सोमवारी मंदिरात आप्पांनी पेटी उचलली. "लई हलकी झाली हो, जावईबापू!"

"साफ केली ना, आप्पा!"

"येवढा मळ हुता व्हय तिच्यात?" ते म्हणाले आणि बसले.

टाळ सुरू झाले, पखवाज घुमला, आप्पांनी पट्टी दाबली. मी स्पेसबार मारला. सूर लागला! समोर बायकांमध्ये बसलेल्या सुनंदाने डोळे मिटून हात जोडले. (देवाला. मला नव्हे.) आप्पा भाता हळू मारायचे, मी हळू. ते जोरात, मी जोरात. घाम कपाळावरून स्पेसबारवर पडत होता. शेजारचे एक बाबा मला म्हणाले, "पाव्हनं, काय टायपिंग करताय? दर्शनाला या की!" मी मान हलवली. बोट हलवणं चालूच ठेवलं.

आता एक गोष्ट मी साफ विसरलो होतो. आप्पांच्या जुन्या पेटीची एक पट्टी दाबली की वर यायची नाही आणि तो सूर रेकत राहायचा. त्यावर आप्पांचा इलाज ठरलेला होता, उजव्या कोपऱ्यावर एक बुक्की! पुढे पुढे तर पट्टी अडको न अडको, प्रत्येक चरण संपला की हात आपोआप बुक्की मारायचा. आणि मी वायर काढली होती त्याच कोपऱ्यातून.

चरण संपला. धप्प! वायर निसटली, पट्टी सोडल्याचं लॅपटॉपला कळलंच नाही आणि वाजत असलेला सूर तसाच अडकला. ऊंऊंऊं!

"आली, पेटी मूळ वळणावर आली!" मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

आप्पांनी आणखी एक बुक्की मारली. सूर थांबेना. मी घाबरून स्पेसबार सोडला. हवा संपली, सूर विव्हळत विव्हळत बंद पडला आणि पेटी मुकी झाली. आप्पांचा डावा हात भाता मारतोय, उजवा पट्ट्यांवर फिरतोय आणि आवाज शून्य! सुनंदा अर्धी उठली. दोनशे माणसं पेटीकडे बघायला लागली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं.

आप्पा जरासे मागे रेलले. ओठ न हलवता म्हणाले, "वायर खोसा. तवर मी आलाप वढतो."

आणि त्यांनी असा आलाप ओढला की पखवाजवालाही हात थांबवून ऐकत राहिला! मी वायर खोसली. आवाज आला, टाळ कडाडले, भजन पार पडलं. बुक्की मात्र त्यांनी पुन्हा मारली नाही.

प्रसाद झाल्यावर मी त्यांच्या पाया पडलो. "आप्पा, चुकलो. तुम्हाला कधी कळलं?"

"उचलली तवाच. वायर हाताला लागली की! आन् वाजवल्यावर तर खात्रीच झाली. माझी पेटी येवढी सुरात कवाच नव्हती!"

"मग बोलला का नाहीत?"

"येवढ्या मान्सांत जावयाला उघडं पाडू व्हय? आमची पोरगी नांदतीय तुमच्याकडं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पर भाता बरा मारता तुमी."

मला इतकी लाज वाटली आणि इतकं बरंही वाटलं की मी पुन्हा एकदा त्यांच्या पाया पडलो.

पेटी पुढे दुरुस्त झाली. रेकणारी पट्टी आप्पांनी मुद्दाम तशीच ठेवून घेतली. बोटं अजून चालतात, फक्त डावा हात दुखतो म्हणून दर सप्ताहाला मला शेजारी बसवतात. यंदा तिथे कुणीतरी त्यांना विचारलं, "आप्पा, जावई येवढं शिकल्यालं, करत्यात काय?"

आप्पांनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं आणि सांगितलं, "भाता मारत्यात."