केळीला पांघरूण

रावेरहून सातपुड्याच्या दिशेनं निघालं की दोन्ही बाजूंना केळीच केळी लागते, आणि आता काही ती संपत नाही असं वाटायला लागतं तिथे आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. दोन खोल्या, दोन मास्तर, अठ्ठेचाळीस मुलं आणि ताईबाई. मास्तरांवाचून शाळा एखादा दिवस चालते, हे आम्ही वेळोवेळी रजा घेऊन सिद्ध केलेलं आहे. ताईबाईवाचून चालत नाही. ती आली नाही तर मुलं अकरा वाजल्यापासूनच स्वयंपाकाच्या खोलीकडे अशी बघतात, की फळ्याकडे तसं कधी बघितलं असतं तर आमचा निकाल जिल्ह्यात पहिला आला असता.

ताईबाई शाळेत खिचडी शिजवते. माहेर शिरपूरकडचं, त्यामुळे लग्नाला वीस-बावीस वर्षं होऊनही बोलण्यातलं अहिराणी ‘शे’ काही गेलं नाही. नवरा तोताराम केळी कापायच्या टोळीत. कापणी असली तर मजुरी, नसली तर पारावर. एकुलती मुलगी दिपमाला जळगावला नर्सिंग शिकते. तिची खानावळ ताईबाईच्या मानधनावर चालते. ते मानधन इतकं उशिरा येतं की आल्यावर आधी ते कुठल्या महिन्याचं आहे हे विचारावं लागतं, पण येतं. दरवर्षी तिच्याशी शाळेचा नवा करार होतो, आणि दरवर्षी त्या सुमारास ताईबाईच्या खिचडीत मीठ थोडं कमी-जास्त होतं. बाकी तिचा हात चुकत नाही.

तर या थंडीत वरून आदेश आला. दर बुधवारी प्रत्येक विद्यार्थ्यास एक केळे द्यावे, त्याचा फोटो त्याच दिवशी पाठवावा. खाली शेवटची ओळ होती: यासाठीचा खर्च लोकसहभागातून भागवावा.

हा लोकसहभाग कोण, ते कुठल्याच आदेशात लिहिलेलं नसतं. आमच्या गावात तो जेमतेम पाच फूट उंच असून नऊवारी नेसतो. गॅस संपला की घरून सरपण आणतो, पाण्याची टाकी घासतो, ताटं कमी पडली की घरची ताटं घेऊन येतो. आमचे हेडमास्तर अमृत गुरुजी हेही थोडाफार लोकसहभागच. शाळेचं वीजबिल आणि इंटरनेट भरून भरून त्यांचा खिसा त्यांनी आता बहुधा आतून शिवून टाकला असावा.

“केळीचं काय अवघड आहे?” गुरुजी म्हणाले. “केळीच्या गावात शाळा आहे आपली.”

शाळा समितीचे अध्यक्ष झुलाल आबा. त्यांची बाग शाळेला लागूनच. आबांनी बुधवारी सकाळी अख्खा घड पाठवला. दिल्लीच्या ट्रकमध्ये चढायचा घड तो, एकेक केळं वीतभर, हिरवंगार, चकचकीत. आम्ही बघतच राहिलो. फण्या सोडवल्या, प्रत्येक मुलाच्या हातात एकेक केळं दिलं, फोटो काढला आणि पाठवून दिला. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. गावात जन्म गेला, केळी हिरवीच कापायची, हिरवीच भरायची, हिरवीच पाठवायची. ती पिवळी कुठेतरी लांब होते आणि ते बघायला आपण नसतो.

तालुक्याचे साहेब मात्र फोटो बघायला होते. गुरुवारी नोटीस आली. मुलांच्या हाती कच्ची केळी दिल्याबद्दल स्वयंपाकी बाईंना कामावरून कमी का करू नये, आणि पुढच्या बुधवारी साहेब स्वतः येऊन केळी पाहतील. फोटो गुरुजींनी काढला होता, केळी आबांची होती, वाटली मी होती. नोटीस ताईबाईला.

गुरुजींनी ती वाचून दाखवली. ताईबाई खरकट्या हातानं उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, “दुसरा घड मांगी ल्या आबा जवळतून. मी पिकाडस.”

आबांनी लगेच दिला. आबा देण्यात मागे नाहीत, पिकवणं त्यांना माहीत नाही. गावात कुणालाच नव्हतं. त्यात थंडी अशी, की बागेतल्या झाडांनाच चरका बसायला लागला होता. सातपुड्यावरून वारा सुटला की माणूस अर्धा होतो, केळी कसली पिकते? ताईबाईनं घरातली दाण्याची कोठी रिकामी केली, तळाला भाताचं तूस घातलं, त्यावर फण्या ठेवल्या, आत उदबत्त्या लावून झाकण बंद केलं आणि वरून घरातल्या दोन्ही गोधड्या टाकल्या. घरात दोनच होत्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजी आणि मी बघायला गेलो. तोताराम दारात पोतं पांघरून बसला होता.

“या,” तो म्हणाला. “मले आठ दिवस खोकला हाये, कोनी पाह्यले नाही आलं. केळीले पाह्यले हेडमास्तर आले.”

“पिकली का?” गुरुजींनी विचारलं.

“ते तिले विचारा. मले झाकण उघडू देत नाही. रातभर मी कुडकुडतो, अन् केळी गोधडीत घोरते.”

ताईबाईनं झाकण बोटभर उघडून आत हात घातला. उदबत्तीचा वास देवळासारखा बाहेर आला. हात बाहेर काढून तिनं झाकण लावलं, गोधडी कडांनी नीट खोचली आणि मान हलवली. हिरवी.

रविवारी हिरवी. सोमवारी गुरुजींनी वर्गातून दोनदा माझ्याकडे बघितलं आणि मी दोनदा मान हलवली. मंगळवारी ताईबाईनं खिचडीत मीठ घातलंच नाही. मुलांनी ती तशीच संपवली, मुलांनाही काय ते कळलेलं होतं. संध्याकाळी तोताराम रस्त्यात भेटला. “वास बदलला,” तो म्हणाला. “पण ती म्हणते वासाचा भरोसा नाही. जळगावले पोरीले फोन करत होती, अन् काही न बोलता ठेवला.”

बुधवारी ती डोक्यावर पाटी घेऊन आली, वरून फडकं बांधलेलं. गुरुजी गाठ सोडायला गेले तर तिनं हात अडवला. “ऊब जाई.” त्यामुळे आत काय आहे ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

साहेबांची जीप अकराला आली. तरुण माणूस, मफलर बांधलेला, नाक लाल. मुलं ओळीनं बसली. साहेब पाटीपाशी उभे राहिले. ताईबाईनं गाठ सोडली.

वरच्या फण्या पिवळ्या होत्या. देठाशी थोड्या हिरवट, पण पिवळ्या. गुरुजींनी इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला तो माझ्या मानेवर आला. साहेबांनी मात्र वरची फणी बाजूला केली, खालची केली आणि अगदी तळातलं एक केळं उचललं. ते तितकंसं पिवळं नव्हतं. ते सोलताना साल कडक निघत असल्याचा आवाज मला ऐकू आला, निदान तसा भास झाला. साहेबांनी घास घेतला आणि चावत राहिले. ताईबाई त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या पायांकडे बघत होती.

“गोड आहे,” साहेब म्हणाले.

मुलांना केळी वाटली गेली. साहेबांनी उरलेलं केळं संपवलं आणि विचारलं, “या थंडीत पिकवली कशी? आणि खर्च कुठून केला?”

“लोकसहभागातून, साहेब,” गुरुजी घाईनं म्हणाले.

“म्हणजे कसं?”

मग गुरुजींनी कोठी, तूस, उदबत्त्या, गोधड्या सगळं सांगितलं. ताईबाईची बाजू भक्कम व्हावी म्हणून जरा रंगवूनच सांगितलं. साहेबांचा चेहरा खुलत गेला. त्यांनी शेरेबुक मागवलं, पेन उघडलं.

“हा तर आदर्श उपक्रम आहे. बाई, तुमचं नाव मी वर कळवतो. तालुक्यातल्या सगळ्या शाळांना पत्र काढतो, स्वयंपाकी ताईंनी याच पद्धतीनं घरी केळी पिकवायची. एक रुपया लागत नाही. तुमची नोटीस तर आत्ताच मिटली समजा.”

गुरुजींनी माझा हात दाबला. आणि ताईबाई म्हणाली, “साहेब, हाई लिखू नका.”

“काय?”

“साऱ्या बायास्ना घरमा जास्तीनी गोधडी ऱ्हात नही.”

साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. गुरुजी तिला मागून खुणा करत होते, गप्प राहा, गप्प राहा. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि परत पुढे पाहिलं.

“बाई, नोटीस माझ्याच टेबलावर आहे,” साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मघाचा गोडवाही त्यात उरला नव्हता. “ती मिटवायला मला काहीतरी लिहावं लागेल.”

“केळी पिकेल व्हती, इतलंच लिखा.”

“आणि खर्च? तो रकाना रिकामा ठेवू?”

“ठेवा,” ताईबाई म्हणाली. “वरला लोकेस्ले दिसू द्या.”

मुलं खाणं थांबवून बघत होती. साहेबांनी पेन कागदावरून उचललं. मग त्यांनी विचारलं, “इतके दिवस तुम्ही घरात काय पांघरलं?”

“पोतडं.”

साहेबांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. लिहिलं: केळी दिली, पिकलेली होती. खर्चाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. सही केली, “नोटिशीचं मी बघतो,” असं ताईबाईकडे न बघताच म्हणाले आणि जीपमध्ये बसले. तालुक्याला पत्र गेलं नाही. नोटीसही पुन्हा आली नाही. केळीचे पैसेही आले नाहीत, पण तशी आशा कुणी केलीही नव्हती.

बुधवार मात्र दर आठवड्याला येतो. दुसऱ्याच दिवशी आबांचा घड शाळेच्या ओट्यावर येऊन पडला. गुरुजी म्हणाले, “ताईबाई, घेऊन जाताय ना?”

“या बारीले तुमना घर न्या, गुरुजी,” ताईबाई पातेलं घासता घासता म्हणाली. “तुमनं घर पक्कं शे. तठे लवकर पिकी.”

“आमच्याकडे कोठी नाही हो.”

“गोधड्या शेतस ना?”

गुरुजी दोरी शोधायला गेले. घड मोटारसायकलला मागे बांधून ते रावेरला आपल्या घरी गेले, हळूहळू, मागे आजारी माणूस बसवल्यासारखे. संध्याकाळी मला त्यांचा फोन आला. मागून त्यांच्या बायकोचा, सारिकावहिनींचा, आवाज येत होता, आणि त्या केळीबद्दल बोलत नव्हत्या.

“मास्तर,” गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले, “तुमच्याकडे एखादं जास्तीचं पांघरूण निघेल का?”