धुण्याआधीचा फोटो

“पेडण्याची घाण बघा जरा,” साहेब म्हणत होते. “याला म्हणतात घाण!”

मी चौकशीच्या खिडकीआड रजिस्टर पुढे ओढून, काही ऐकू येत नाही असा चेहरा करून बसले होते. साहेब म्हणजे बस सफाईच्या कंत्राटदाराचे अधिकारी. महिन्यातून एकदा पणजीहून डिचोलीच्या स्टँडवर यायचे. त्यांनी आपला फोन आमच्या ड्रायव्हरच्या नाकासमोर धरला होता. फोनवर पेडण्याच्या एका बसचा फोटो होता. ती बस रात्री झाडाखाली उभी असते आणि झाडावर कावळे असतात. टपापासून काचेपर्यंत पांढरे ओघळ आले होते. नातवाचा फोटो दाखवावा तसे साहेब तो बोटांनी मोठा करकरून दाखवत होते.

“आणि ही तुमची. हा धुण्याआधीचा फोटो, हा धुतल्यानंतरचा. सांगा फरक.”

ड्रायव्हर बेळगावकडचा. त्याने दोन्ही फोटो मन लावून पाहिले.

“दुसऱ्यात कुत्रं हाय, साहेब.”

साहेब हसले नाहीत. महिनाभराचे सगळे फोटो असेच आहेत, म्हणाले. बस आधीही स्वच्छ, नंतरही स्वच्छ. म्हणजे इथली बस घाणच होत नाही. मग सफाईवाली कशाला? “शनिवारपर्यंत मला घाण दिसली तर ठीक. नाहीतर इथली जागा बंद.”

सफाईवाली मावशी पाच पावलांवर बालदी पालथी घालून तिच्यावर बसली होती. दोडामार्गाकडची, एकटीच राहणारी. स्टँडमागे एका खोलीत भाड्याने राहायची. ती हातातला फडका पिळत राहिली. साहेब गेल्यावर मात्र माझ्या खिडकीशी आली.

“बाय, तू शिकलेली. काय करूचा ता सांग. भावाच्या दारात परत जावचा नाय माका.”

मी मान हलवली. मान हलवणं मला उत्तम जमतं. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की दंड असायचा आणि इंग्रजी चुकलं की सगळे हसायचे, त्यामुळे मी लवकरच दोन्ही भाषांत गप्प बसायला शिकले. घरी त्याला सालसपणा म्हणतात.

खरं तर चूक कुठे होती ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मीही कंत्राटदाराकडेच नोकरीला; माझं काम फोटो काढण्याचं. बस धुण्याआधी एक, धुतल्यावर एक. ते माझ्याच फोनवरून आणि फोनला माझा चेहरा दाखवूनच पाठवावे लागत. दुसऱ्या कुणी काढलेला फोटो चालत नसे, आणि दोन फोटोंमध्ये तासाहून जास्त अंतर चालत नसे. मावशी पहाटे पाचला बस धुवायची. पावणेसहाला ती बस आमोण्याला निघायची. मी आमोण्याची. आमच्याकडे एकच स्कूटर, ती घेऊन बाबा पहाटेच कारखान्यात जातात. म्हणून सव्वासहाला मी त्याच बसमध्ये चढायची, धुतलेल्या सीटवर बसायची, डिचोलीला उतरायची आणि ज्या बसमधून उतरले तिचाच धुण्याआधीचा फोटो काढायची. मग पाऊण तास थांबून धुतल्यानंतरचा.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, पाचला येऊ शकाल ना? मी म्हटलं, “यस सर.” त्या खोलीतून बाहेर पडायचा तोच सगळ्यांत जवळचा शब्द होता.

पहिल्याच आठवड्यात मी मावशीला, धाडस करून, सुचवून पाहिलं होतं, की बस रोज थोडी तशीच ठेवाल का, मी येईपर्यंत. पुढचा काचेचा भाग तरी. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला केस न विंचरता लग्नाला चल म्हणाले.

“आंघूळ न करता कोण फोटो काढून घेता गो? आणि लोक काय म्हणतीत? सकाळची पयली बस!”

फोटो म्हटलं की आधी आवरायचं, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की माझा फोन दिसला की ती फडका घेऊन धावायची. धुण्याआधीच्या फोटोसाठी तिने कितीदा तरी आरसे पुसले होते. ड्रायव्हर जास्वंदीचं फूल ताजं बदलायचा, उदबत्ती लावायचा. एकदा तर मावशी स्वतः पदर नीट करून शेजारी उभी राहिली.

आता मात्र शनिवार समोर होता. ड्रायव्हरने कामाची सूत्रं हातात घेतली.

“त्यात काय अवघड? धूळ लावू की. डिचोलीत धुळीला काय तोटा?”

पण तोटा होता. खाणींचे ट्रक धडधडत धावायचे तेव्हा या गावात वाळत घातलेले पांढरे कपडे तांबडे होऊन घरात यायचे, असं आई सांगते. आता ते ट्रक उरले नव्हते; दोन फेऱ्या मारूनही बसच्या अंगाला बोटभर धूळ बसेना. मंगळवारी ड्रायव्हर शिरगावला गेला आणि खाणीच्या जुन्या रस्त्याकडेची तांबडी माती सिमेंटच्या पिशवीत भरून घेऊन आला.

“अवो मॅडम, डिचोलीच्या माणसाला धूळ बाहेरनं आणायला लागली,” तो म्हणाला. “कुणाला सांगू नका.”

मी कुणाला सांगणार होते?

बुधवारी सकाळी बस आमोण्याहून परत आली आणि आम्ही तिघं पिशवीभोवती उभे राहिलो. मावशी हात मागे बांधून.

“ह्यां माझ्यान होवचा नाय. म्हस आसा काय ती, चिखलात लोळूक?”

“मावशी, नोकरी जाईल,” ड्रायव्हर म्हणाला.

“तू लाव मगे.”

“मी? फूल वाहिलंय सकाळी. पाप नको.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनमध्ये पाहिलं.

शेवटी मावशीनेच बालदीत माती कालवली. पण जन्मभर अंगण सारवलेला हात. त्याला ओबडधोबड येईना. तिने खालून सुरुवात केली, वळणदार हात मारत, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही, कडा सरळ. खिडक्यांच्या खाली पोचली तेव्हा तिचं तिलाच आवडायला लागलं होतं. दोन पावलं मागे जाऊन बघायची, परत येऊन एखादा कोपरा भरायची. अर्ध्या तासात बसची एक बाजू गेरूने रंगवलेल्या तुळशी वृंदावनासारखी दिसू लागली. सावंतवाडीला जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने कौतुकाने विचारलं, नवीन गाडी कुठली?

मी धुण्याआधीचा फोटो पाठवला. मावशीने भराभर धुतलं. मी धुतल्यानंतरचा पाठवला. महिन्यात पहिल्यांदा दोन फोटो वेगळे दिसत होते. ड्रायव्हरने चहा सांगितला.

चहा यायच्या आत पणजीहून माझ्या फोनवर निरोप आला: बसचा रंग बदलण्याची परवानगी कुणी दिली? मूळ रंग तात्काळ पूर्ववत करावा.

“पूर्ववत तर केलाच की,” ड्रायव्हर म्हणाला.

उरलेली माती मावशीने स्टँडच्या कडेला अबोलीच्या रोपांना घातली. गुरुवारी, शुक्रवारी मी पुन्हा त्याच बसमधून येऊन त्याच बसचे फोटो काढले. शुक्रवारी परत जाताना बस भरलेली होती. पायाशी मासळीच्या टोपलीतलं पाणी वाहत होतं, मागच्या सीटवर एका पोराने ओकारी केली, कुणाची तरी भजी सगळ्या वाटेत सांडली. मी पाय वर घेऊन बसले आणि मला कळलं, ही घाण रोज असते. मी रोज तिच्यातूनच घरी जाते. सकाळी ती नसते. ती आपोआप जात नाही.

त्या क्षणी फोटो काढता आला असता. पण त्यात माणसं आली असती, आणि माणसांना विचारावं लागलं असतं.

शनिवारी साहेब सातलाच हजर झाले. हातात एक छापील कागद होता. त्यावर एकच ओळ महत्त्वाची होती: सफाई कामगाराची आवश्यकता आहे / नाही. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

साहेब येणार म्हणून मावशी पहाटे चारपासून लागली होती. चाकांच्या नटांना तिने खोबरेल लावलं होतं. बस इतकी चमकत होती की साहेबांनी तिच्यात बघून आपले केस सारखे केले.

“बघा सायबानू,” मावशी म्हणाली. तिचा आवाज अभिमानाने भरला होता. “हात फिरवून बघा. बोटाक कायच लागूचा नाय.”

ड्रायव्हरने डोळे मिटून घेतले.

साहेबांनी खरंच बोट फिरवलं. दारावर, सीटखाली, चाकावरच्या पत्र्यावर. बोट डोळ्यांजवळ नेलं. मग वास घेतला.

“कमाल आहे,” ते म्हणाले. “काहीच नाही. खरंच गरज नाही इथे.”

मावशीला आधी वाटलं, शाबासकी आहे. ती हसली. मग तिने साहेबांचं पेन ‘नाही’ या शब्दाकडे जाताना पाहिलं आणि फडका दोन्ही हातांत घट्ट धरला. ती माझ्याकडे वळली नाही. वळली असती तर कदाचित मी मान हलवली असती आणि तेवढ्यावर भागलं असतं.

मी खिडकीआडून उठले. बाहेर आले. स्टँडवर बरीच माणसं होती, पेडण्याची बस लागत होती, कुणीतरी मोठ्याने शिटी मारत होतं. साहेब म्हणाले, “येस?”

“साहेब,” मी म्हटलं, “ही बस पाच वाजता घाण असते. रोज. मुलाखतीत मी पाचला येते म्हणाले, ते खोटं होतं. मी ह्याच बसने येते, मावशीने धुतल्यावर.”