शकुनबाईचा गुंड

भैय्यालाल मला पहिल्यांदा दिसला तो १९७४ साली, भंडाऱ्यात, माझ्या पाचवीच्या वर्गाच्या दारात. मुलीची चौकशी करायला आला होता. तोंडाला हाताचा आडोसा करून त्यानं माझ्या कानात विचारलं, "गुरुजी, आमची चंद्रकला गणितात ढ आहे का? कोणाले सांगू नोका." माझा वर्ग हसला. शेजारचाही हसला. पाण्याचे पितळी गुंड, म्हणजे हंडे, ठोकून ठोकून त्याचे कान गेले होते, आणि आपण फार हळू बोलतो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

तो राहायचा माझ्याच गल्लीत. तिथले कारागीर केशवरावांच्या कारखान्यातून पितळ आणून घरच्या ओसरीवर ठोकत. कोणाकडे काम आहे हे विचारावं लागत नसे, नुसतं कान देऊन कळायचं.

पुढे चंद्रकला लग्नाची झाली आणि नेमकं तेव्हाच लागोपाठ दोन वर्षं धानाचं पीक बुडालं. लग्नं लांबली, आणि जी झाली त्यांत स्टीलची भांडी आली. मंदी केशवरावांनाही लागली. त्यांनी उरलेलं पितळ विकून स्टीलचं दुकान टाकलं आणि वर माडी बांधली. कारागिरांकडे विकायला हातोडीच होती. एकेक ओसरी गप्प झाली. भैय्यालालची मात्र वाजतच होती.

मी त्याच्या बायकोला, शकुनबाईला विचारलं, "यालाच कसं काम मिळतं?"

"कायचं काम, गुरुजी! माह्या लग्नातला गुंड ठोकून राहिले. सिहोऱ्याचे पाहुणे पोरीले पाहाले येनार आहेत. घर चूप दिसलं त बेकाराची पोरगी कोन करन?"

"आणि पाणी?"

"बादलीनं आनतो. गुंड आता पापडावानी झाला."

पाहुणे आले तेव्हा गल्लीतला शिकलेला माणूस म्हणून मीही ओसरीवर होतो. बैलगाडी दारात थांबेपर्यंत हातोडी चालू होती. भैय्यालालनं घाम पुसला. "लय काम आहे जी, दम घ्याले सवड नाही!" मुलाचे वडील लक्ष्मणराव मिशीला पीळ देत उतरले, "आमच्या बैलायलेबी नाही जी!"

पाहुण्यांना पाय धुवायला बादली कशी द्यायची, म्हणून शकुनबाईनं तोच गुंड भरून आणला. तिच्यामागं ओसरीभर पाण्याची रेघ उमटत गेली.

लक्ष्मणराव म्हणाले, "बाई, तुमचा गुंड रडून राहिला."

भैय्यालाल घाबरला. बायकोच्या कानाशी वाकला आणि त्याच्या मते हळूच म्हणाला, "दिवाळीपासून काम बंद आहे म्हनून सांगजो नोको!"

समोरच्या घरातल्या म्हातारीनं खिडकी उघडली. चंद्रकला दाराआड उभी होती. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

लक्ष्मणरावांनी सावकाश पाय धुतले. मग भैय्यालालचा कान धरावा इतके जवळ गेले आणि त्याच्याच आवाजात ओरडले, "बैल आमचे नाहीत जी! मांगून आनले! आमचंबी धान गेलं!"

भैय्यालालनं बैलांकडे बोट दाखवलं. "मंग काहून एवढा रुबाब करून राहिले होते?"

"तुमची हातोडी आयकून! वाटलं, मोठ्या घरी आलो."

आत चंद्रकला खुदकन हसली. बांगड्या पुन्हा वाजल्या.

वैशाखात लग्न झालं. वऱ्हाड एका गाडीत मावलं. भोकं डाग देऊन बुजवलेला तो गुंड आंदणात गेला. सिहोऱ्याला त्यात चंद्रकला धान्य ठेवते, पाणी नाही.

केशवरावांच्या माडीवर आता दुसरी माडी चढली आहे. भैय्यालाल लाखनीला हायवेवर ट्रकांच्या मडगार्डचे पोचे काढतो आणि शनिवारच्या एसटीनं घरी येतो.