थोमाभाऊ आणि आमचे सर

आमच्या ह्यांचं नाव शांतवन. कुणी ठेवलं आणि काय बघून ठेवलं देव जाणे, कारण इतका तापट माणूस मी उभ्या महाडात दुसरा बघितला नाही. शाळेत इंग्रजी शिकवायचे म्हणून गाव त्यांना पाटोळे सर म्हणायचं. रविवारी चर्चमध्ये उपासनेत प्रवचन करायचे आणि उरलेल्या वेळात जगाला वळण लावायचे. मी नर्स. एसटी स्टँडच्या मागच्या एका दवाखान्यात बाळंतपणं करायचे. पोलादपूर, कापडे, उमरठ, तिकडे वीर, कुठल्या गावच्या बाईवर मी "जोर लाव गो, झोपतेस काय!" म्हणून ओरडले नाही ते विचारा. मला सगळे सिस्टर म्हणत.

आता सरांची गोष्ट सांगते. त्यांची बाजू मांडायला सांगत नाही हां. ती त्यांनी स्वतःच जन्मभर मांडली.

आम्हाला एकच मुलगी, अंकिता. कॉलेज झाल्यावर कॉम्प्युटर शिकायचा म्हणाली. सरांनीच क्लासला घातलं, वर चार लोकांत मिरवलं. तिथे तिला कापड्याचा विनीत भेटला. मुलगा चांगला, एमआयडीसीत नोकरीला, घरी भातशेती. पण हिंदू. एक दिवस दोघं रजिस्टर लग्न करून दारात उभी राहिली. सरांनी दार उघडलं, बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं. माझ्या हातात पिठाचा गोळा तसाच.

"माझी मुलगी त्या कॉम्प्युटरने खाल्ली," असं सर येईल त्याला सांगायला लागले. अंकिताचा फोटो भिंतीवरून उतरवला. तिचं नाव घरात काढायचं नाही. मी काढलं की ते जेवणावरून उठायचे. मग मी मुद्दाम ताटात भात वाढून झाला की नाव काढायचे. उपाशी राहा म्हटलं.

आणि गंमत बघा. ज्या कॉम्प्युटरने मुलगी खाल्ली म्हणून शंख केला, त्याच्याच समोर हे गृहस्थ रोज संध्याकाळी जाऊन बसायला लागले! बाजारात रिझवानाचा सायबर कॅफे होता. तिचा नवरा महमूद कुवेतला, त्याने पैसे पाठवले, हिने पुढच्या खोलीत मशिनं मांडली. सर पहिल्यांदा गेले ते म्हणे शत्रू कसा असतो ते बघायला. तिथे त्यांना मराठी ख्रिस्ती लोकांचा एक ग्रुप सापडला. पुण्याचे, मस्कतचे, अमेरिकेतले लोक, एकमेकांची तोंडं न बघितलेले, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून वाद घालायचे. मुलांना मोबाईल द्यावा का, इंटरनेट हा सैतानाचा सापळा आहे का, मुलीने धर्माबाहेर लग्न केलं तर आईबापांनी काय करावं. सरांना जन्माचा फळा मिळाला. आणि तिथले लोकही त्यांना सर म्हणायला लागले. मस्कतच्या एका काकांनी लिहिलं, "सर, तुमच्यासारखे बाप आज दुर्मिळ झाले आहेत." ते वाक्य ह्यांनी मला तीनदा ऐकवलं.

आता मुद्द्यावर येते.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. बाहेर फोन वाजला. सरांनी घेतला, थोडं ऐकलं, "राँग नंबर" म्हणाले आणि ठेवला. मी माझ्या कानांनी ऐकलं आणि घासत राहिले. राँग नंबर काय, येतातच.

पुढे काही दिवसांनी दवाखान्यात कापड्याची प्रयागबाई आली, सुनेला घेऊन. आल्या आल्या म्हणाली, "सिस्टर, आजी झालाव आनि साधा पेढा पन नाय? लई गोरी हाय गो नात तुमची." माझ्या हातातली पट्टी खाली पडली. प्रयागबाईच्या ध्यानात आलं. ती मान खाली घालून म्हणाली, "तुमाला ठावं नाय होय?"

पहिलं बाळंतपण माहेरचं. आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, रीत तीच. अख्ख्या तालुक्याच्या पोरींची मी बाळंतपणं केली आणि माझी स्वतःची लेक कुठल्या तरी परक्या नर्सच्या शिव्या खात मोकळी झाली. त्या दिवशी दवाखान्याच्या मोरीत नळ सोडून मी रडले.

दुसऱ्या दिवशी अळिवाचे लाडू केले, डबा घेतला, पोलादपूरला उतरून पुढची गाडी धरली आणि कापड्याला गेले. अंकिता ओटीवर बसली होती. मला बघून उठली नाही. डबा घेतला आणि न उघडता बाजूला ठेवला. बाळ पाळण्यात होतं. मी वाकले, तर म्हणाली, "हात लावू नकोस."

"अगं, मला कुणी सांगितलंच नाही!"

"विनीतने पोलादपुरातून फोन केला होता, मला कळा सुरू झाल्या तेव्हा. पप्पांनी राँग नंबर म्हणून ठेवला. तू तिथेच होतीस, आई. मागे भांड्यांचा आवाज येत होता, विनीतने ऐकला. मी वाट बघत होते. मला वाटत होतं, आई येईल, आत्ता येईल."

मी शपथा घेतल्या. तिचा विश्वास बसेना. का बसावा? दार लावलं तेव्हा मी मागेच उभी होते ना! शेवटी म्हणाली, "पप्पांनी स्वतःच्या तोंडाने सांगू दे की तुला माहीत नव्हतं. तोवर येऊ नकोस, लाडू पण आणू नकोस."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला गाडीत कळलं. घरी येऊन सरळ विचारलं, "अहो, अंकिताकडून फोन आला होता?"

"नाही," म्हणाले. डोळ्यांत डोळे घालून. वर जेवायला बसताना प्रार्थना केली, चांगली लांबलचक.

भांडून उपयोग नव्हता. भांडणात हा माणूस कुणाला हार जाणारा नव्हता. शास्त्र उघडून मलाच चार ओळी दाखवल्या असत्या. तेव्हा ठरवलं, ह्यांची जिरवायची, आणि जिथे सगळ्यात जास्त फुगलेत तिथेच जिरवायची.

दुपारी रिझवानाकडे गेले. म्हटलं, "मला हे शिकव." तिने कारण विचारलं, मी सांगितलं. ती खुर्ची ओढून म्हणाली, "बसा सिस्टर. आमच्या अकिबच्या वेळेला रात्रभर तुमी माझा हात सोडला नाय. सर येतात संध्याकाली, तुमी दुपारी येत जा. या कानाचं त्या कानाला नाय कलायचं." ग्रुपवर नाव काय टाकू असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं थोमा. आमच्यात शंका काढणाऱ्याला थोमाच म्हणतात. गाव लावलं नगर. आजतागायत सरांना वाटतं की थोमाभाऊ नगरचा एखादा निवृत्त पाळक असणार.

पहिल्याच आठवड्यात थोमाने सरांना गाठलं. सरांनी लिहिलं होतं की इंटरनेट म्हणजे जाळं, त्यात मुलं अडकतात. थोमा म्हणाला, "सर, प्रभूचे पहिले शिष्य कोळीच होते. जाळ्याला भिऊन कसं चालेल? आणि तुम्ही स्वतः हे कुठे बसून लिहिता?" पुण्याची एक बाई हसली, अमेरिकेतला डॉक्टर हसला. सर घरी आले ते धुमसत.

आणि मग माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस सुरू झाले. सर जेवायला बसायचे आणि थोमाच्या नावाने बोटं मोडायचे. "कोण समजतो हा स्वतःला? आज म्हणतो, मुलांनी आज्ञेत राहावं ते तुम्ही रोज लिहिता, त्याच्याच खाली शास्त्रात 'बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका' लिहिलंय ते कधी वाचता का? काय उत्तर देऊ गं ह्याला?"

"लिहा ना," मी आमटी वाढत म्हणायचे, "की बापाला देवाने अधिकार दिलाय, त्याला कुणी प्रश्न विचारायचा नाही."

"बरोबर! अगदी बरोबर!" आणि तेच लिहून यायचे. दुसऱ्या दुपारी मी जाऊन त्या वाक्याच्या चिंध्या करायचे. माझंच वाक्य, त्यामुळे कुठे फाटतं ते मला पक्कं ठाऊक. "अधिकार म्हणे! सर, दार बंद करायला अधिकार लागत नाही, नुसती कडी लागते." मस्कतचे काकासुद्धा पुढे थोमाच्या बाजूने बोलायला लागले. सरांचं जेवण कमी झालं. मी मनात म्हणायचे, खा अजून मार.

पण नुसता मार देऊन अंकिता काही माझी होणार नव्हती. मला ह्यांच्या तोंडून ती एक गोष्ट काढायची होती. म्हणून थोमाने सूर बदलला. सरांना एकट्यालाच पत्र लिहिलं. "सर, माझीही मुलगी अशीच गेली. एकदा तिचा फोन आला आणि मी ठेवून दिला. आता पस्तावतो. तुम्ही माझ्यासारखं कधी केलं नसेल, म्हणून तुमच्याशी बोलावंसं वाटलं." खोटं, शब्दन् शब्द खोटं. लाज वाटली का? अजिबात नाही.

पुढच्या दुपारी उत्तर येऊन पडलेलं. रिझवाना शेजारच्या मशिनचा पडदा ओढून देऊन बाहेर जाऊन बसली. मी वाचलं.

"थोमाभाऊ, मीही तेच केलं. तिला कळा लागल्या होत्या आणि ती आईला बोलवत होती. मी राँग नंबर म्हणालो. तेव्हापासून फोन वाजला की माझ्या छातीत धडधडतं. बायकोला सांगितलेलं नाही. ती साधी आहे. कळलं तर मोडून पडेल."

साधी! मोडून पडेल! ज्या माणसाने माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हटलं, त्याने न बघितलेल्या परक्याला सगळं ओकून टाकलं. आणि खरं सांगते, धडधडतं ते वाचून क्षणभर वाईटही वाटलं. पण "साधी" ह्या शब्दावर नजर गेली आणि वाईट वाटणं तिथेच संपलं.

थोमाने हुकूम सोडला. "सर, रविवारी उपासना झाली की मुलीला फोन करा. ती हॅलो म्हणायची वाट बघू नका, तेवढ्यात धीर जातो. फोन उचलल्याबरोबर खरं ते बोलून टाका. बायकोचा त्यात दोष नव्हता, हे आधी बोला." नंबर ह्यांच्याकडे होता. कापड्याच्या घरी फोन बसल्यावर विनीतने नंबर लिहून शाळेत निरोप धाडला होता आणि सरांनी तो कागद फाडला नव्हता. त्यांच्या पँटचे खिसे धुवायच्या आधी मीच तपासते ना.

रविवारी सकाळी मी ह्यांना सांगितलं, वीरला एक बाळंतीण अडली आहे, उपासनेला येत नाही. आणि कापड्याला गेले.

अंकिता दारातच म्हणाली, "परत आलीस?"

"दुपारपर्यंत बसू दे. फोन वाजला तर माझ्याजवळ येऊन फक्त ऐक. मग हाकल."

ती दारातून बाजूला झाली, पण तिने पाणीही विचारलं नाही. विनीत शेतावर गेला होता. मी फोनशेजारच्या स्टुलावर बसून राहिले. पाळण्यात ती इवलीशी पाय झाडत होती आणि मी हात मांडीखाली दाबून धरले होते.

फोन वाजला. अंकिता जवळ आली. मी रिसीव्हर उचलला आणि तिच्या आणि माझ्या कानाच्या मधे धरला. तिचा गाल माझ्या गालाला लागला.

"अंकिता, मी पप्पा. ठेवू नको बाळा. तुझ्या आईचा काही दोष नाही. तिला मी सांगितलंच नाही. फोन मीच ठेवला. तिने विचारलं तेव्हा तिच्याशीही खोटं बोललो. आईवर राग धरू नको, माझ्यावर धर." एका दमात बोलले, थोमाने सांगितलं होतं तसं. मग नुसता श्वास. मग रडू आवरल्यासारखं, "हॅलो? अंकिता?"

महिनोन् महिने मी मनात काय काय भाषणं तयार केली होती! एकही सुचलं नाही. सुचलं ते एवढंच. ह्यांच्याच आवाजात, तेवढ्याच थंडपणे मी म्हटलं, "राँग नंबर."

आणि ठेवून दिला.

अंकिता माझ्याकडे बघत राहिली. मग तोंडावर पदर दाबून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. तशीच पाळण्याकडे गेली, बाळाला उचललं आणि आणून माझ्या मांडीवर ठेवलं. केवढीशी ती, पण मूठ अशी घट्ट वळलेली! कुणावर गेली ते सांगायला नको.

फोन परत वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजायला लागला.

"आई, पप्पाच असणार," अंकिता म्हणाली. "उचल ना."

"कशी उचलू?" मी म्हटलं. "माझे हात कुठे मोकळे आहेत?"