राक्षसांची घरं विचारणारी शिकारीण

"आधी पाय बघ. तोंड मंग."

असं म्हणून ती चपला काढायची, भिंतीला नीट लावून ठेवायची आणि गोदामाच्या थंडगार फरशीवर एक पाय असा काही आपटायची की खाली माल मोजणारी माणसं मान वर करून बघायची. आम्ही डबे उघडून बसलेलो असायचो, आणि आमच्यासमोर ही बाई वाघ झालेली असायची.

थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, भिवंडीजवळच्या राहनाळच्या गोदामांत वेड्यांना कामाला ठेवतात. (तेही अगदीच खोटं नाही म्हणा.)

मी तिथे बिलं काढायला बसते. ती रिटर्नला होती. म्हणजे लोकांनी परत पाठवलेलं पार्सल उघडायचं, आतला माल तपासायचा, गिऱ्हाइकाला मनसोक्त शिव्या घालायच्या आणि माल पुन्हा भरायचा. शिव्या घालणं तिच्या ड्युटीत नव्हतं, ते ती फुकट करायची. चाळिशीची, ठेंगणी, पदर कमरेला खोचलेला, आवाज असा की तिला मोबाईलची गरज का पडते हे मला कधी कळलं नाही. गाव वाडा तालुक्याच्याही पुढे, डोंगरात. राहनाळला खोली घेऊन राहायची.

त्या वर्षी माझ्या डोक्यात एका खेळाने घर केलं होतं. कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा, एवढंच लागतं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आणि काही अवघड करायचं असेल तेव्हा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर बोंबला. गोष्ट सांगणारी अर्थातच मी, कारण दुसऱ्याने सांगितलेलं मला सहन होत नाही. जेवणाच्या सुट्टीत वरच्या मजल्यावर रिकाम्या खोक्यांचं टेबल करून आम्ही खेळायचो. फोर्कलिफ्ट चालवणारे अन्सारीभाई होते, ज्यांचं लहानपण यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, खडखडाटात गेल्यामुळे ते प्रेमाचं बोलणंही ओरडूनच बोलतात. स्कॅनिंगचा पाटील होता, अंजूरचा, ज्याला चमचा-लिंबूच्या शर्यतीतही जीव खाऊन जिंकायचं असतं. चौथं माणूस हवं होतं.

"ताई," मी म्हटलं, "राक्षसांची शिकार करायची आहे. तुमची शिकारीण रूप बदलणारी असेल. खेकडा, घार, वाघ, वाटेल ते व्हायचं. जमेल?"

"ह्यात जमायचं काय हाय, पोरी? आमच्या गावात दर वर्षी करतात."

मला वाटलं, बाई थापा मारतेय.

ती थाप नव्हती. तिच्या गावात बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे, जनावरांचे मोठमोठे मुखवटे चढवून माणसं नाचतात, त्याला सोंग म्हणतात. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आता अशा गावच्या बाईला मी शिकवायला निघाले होते की रूप कसं बदलतात! माझं मलाच हसू येतं.

मी कागद पुढे केला. नाव काय, हत्यार काय, ताकद किती, कमजोरी कोणती, सगळे रकाने आखलेले. तिने तो बाजूला सारला.

"नाव मंग. आधी पाय बघू दे."

आणि उठून ती एकेक जनावर चालून दाखवायला लागली. खेकडा आडवा, बगळा थांबून थांबून, रानडुक्कर नाकासमोर. पाय जमले की मान जमायची, मान जमली की डोळे. पाटील घास हातात धरून बघत राहिला. हत्यार विचारलं तर म्हणाली, हत्यार नको, संबळ पाहिजे. वाजवल्याबिगर सोंग अंगात शिरत न्हाय. मग अन्सारीभाई पुढे सरसावले आणि त्यांनी खोक्यावर दोन्ही हातांनी ठेका धरला. खटाक्-खट, खटाक्-खट. साहजिक आहे, माणूस ज्या ठेक्यावर झोपला तोच वाजवणार.

"भाईजान, ही तर लूमची शिफ्ट लागली! ह्याच्यावर भूत नाचंल, वाघ कसा नाचंल?"

"आपा, भूत भी तो शिकार के काम आएगा!"

पहिल्याच शिकारीत घोळ झाला. गुहेतला राक्षस पाण्यात पळाला, ही खेकडा झाली, फासा उत्तम पडला, राक्षस पकडला. वा वा झाली. मी म्हटलं, ताई, आता पुन्हा माणूस व्हा.

"मी कशी होऊ? उतरवाया कोनी तरी पाहिजे. आपलं सोंग आपन उतरवीत न्हाय. घरच्या मानसानं पायावर पानी घालून उतरवाचं."

"अहो, नियमात तसं नाही! मनात आणलं की झालं माणूस."

"तुझ्या नियमाला घरदार न्हाय वाटतं."

आमच्यापैकी कोणी तिच्या घरचं नव्हतं, आणि तिचा हट्ट असा की ती खरोखर खेकडाच राहिली. सुट्टी संपली तरी खेकडा. रिटर्नच्या टेबलाकडे आडवी आडवी चालत गेली. सुपरवायझरने विचारलं, कंबर धरली का? ही गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "न्हाय साहेब, नांगी." शेवटी पाटलाने पाण्याची बाटली आणली, तिच्या पायांवर रिकामी केली आणि हात जोडून म्हणाला, "उतरा हो ताई आता, माझं स्कॅनिंग खोळंबलंय." तेव्हा कुठे बाई सरळ झाली. दोन पार्सलं भिजली ती वेगळीच. त्या दिवसापासून पाटील तिच्या घरचा माणूस ठरला.

पण खरी पंचाईत पुढे होती. एखादा भयानक राक्षस उभा करायला मी घरी किती डोकं खाजवायचे! तीन डोकी, जळके हात, तोंडातून धूर. असा राक्षस समोर आला की पाटील लगेच तलवार काढायचा, अन्सारीभाई "या अली" करून उडी मारायचे, आणि ही बाई हात वर करून सगळ्यांना थांबवायची.

"कोनाच्या घरचा हाय तू?"

"ताई, राक्षस आहे तो! राक्षसाला कसलं घर?"

"घर न्हाय तर आला कुठनं? आमच्याकडं माझा मामा राक्षस व्हतो. दर वर्षी देव त्याला मारतो. मारला का मामा उठून बाजूला बसतो, आन बाया त्याला ओवाळतात. मारल्यावर मान द्याचा असतो. ज्याचं घर म्हायती न्हाय त्याच्यावर हात कसा टाकाचा?"

झालं. त्यानंतर माझ्या प्रत्येक राक्षसाला आई-बाप, मामा, आत्या, सासुरवाडी सगळं द्यावं लागलं. एका राक्षसाची तर तिने चौकशी करता करता अन्सारीभाईंच्या पात्राच्या बहिणीशी सोयरीक जमवली. पाटील तलवार घेऊन तसाच उभा. "अरे, आपण शिकारी आहोत की मध्यस्थ?" तो कळवळून ओरडला. आम्ही इतके हसलो की अन्सारीभाईंना ठसका लागला आणि त्यांच्या पाठीत गुद्दे घालावे लागले. खोटं कशाला बोलू, मला त्या सुट्टीची सकाळपासून ओढ लागायची. बिलं काढता काढता मी आत्या ठरवत बसायचे.

होळी झाल्यावर मी शेवटची मोठी शिकार काढली. तिला खूश करावं म्हणून मुद्दाम तिच्या बोहाड्यासारखी राक्षसीण आणली. लाल तोंड, बाहेर आलेले सुळे, मोकळे केस. मी अगदी रंगात येऊन वर्णन करत होते. ती उठलीच नाही. चपलाही काढल्या नाहीत.

"ताई, विचारा ना, कोणाच्या घरची?"

"माझ्या घरची हाय," ती म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला.

अन्सारीभाईंचा हात खोक्यावर तसाच राहिला.

मग तिने सांगितलं. राक्षसिणीचं सोंग तिच्या घराचं. आजा नाचला, बाप नाचला. बापाचे गुडघे आता गेले, आणि भाऊ नाही. ह्या वर्षी सोंग चुलत्याच्या घरी द्यायचं असं गावातल्या जाणत्यांनी ठरवत आणलं होतं. एकदा गेलं की परत येत नाही.

"लहानपनी बा आंगनात तालीम करायचा, मी मागं उभी राहून करायची. मना सगळं येतं. पन बाईनं नाचाचं न्हाय."

"सोंग कोणाचं आहे?" पाटील म्हणाला. "बाईचं ना?"

"सोंग बाईचं, नाचनार बापे मानसं. तशी रीत."

"तो आप जाके बोलो ना पंचों को!" अन्सारीभाई कडाडले.

"त्यांच्याम्होरं माझी जीभ उचलत न्हाय."

विश्वास ठेवा, ह्या बाईची जीभ उचलत नाही असं ठिकाण पृथ्वीवर असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. पण रडत बसायचा माझा स्वभाव नाही. मी राक्षसीण बाजूला ठेवली आणि जाहीर केलं, आजपासून नवा डाव. राक्षस नाहीत, जंगल नाही. गावची बैठक आहे आणि ताईंना ती जिंकायची आहे.

असा खेळ भिवंडीत काय, कुठेच कोणी खेळलं नसेल. अन्सारीभाई डोक्याला गमछा बांधून सर्वांत म्हातारे जाणते झाले. पाटील चुलता झाला, आणि इतका खवट चुलता झाला की मलाच त्याला चापट मारावीशी वाटली.

"औरत नाचेगी?" अन्सारीभाई खोक्यावर हात आपटून गरजले. "हमारे बाप-दादा क्या कहेंगे?"

"तुमचं बापदादं माझ्या बाचा नाच बघाया पयल्या रांगेत बसायचं! त्यांना इचारा!"

"शाब्बास! टाका फासा!" मी ओरडले.

तीन. पुन्हा बोलली, आणखी जोरात बोलली, पुन्हा टाकला. पाच. आणखी एकदा. दोन! त्या फाशाला काय झालं होतं देव जाणे. शेवटी अन्सारीभाईंनी गमछा सोडून डोळे पुसले. "आपा, मैं तो कब का मान गया. ये कमबख्त डाइस नहीं मान रहा."

ती रजा टाकून गावी गेली आणि परत आली तेव्हा आम्ही तिघांनी जिन्यातच तिला गाठली.

"काय बोललात? कुठलं वाक्य चाललं?"

"एक बी न्हाय. सगळं इसरली."

"मग?"

"मंग काय! चपला काढल्या आन म्हनली, बसा, बघा." ती खुदकन हसली. "अर्धा फेर केला तर तो सगळ्यांत म्हातारा, त्यानं भ्येऊन पाय वर घेतलं खाटंवर."

ह्या वर्षी बघू, असं ठरलं होतं. नीट नाचली तर सोंग घरात, नाही तर चुलत्याकडे. तेवढं ऐकून अन्सारीभाईंनी तिथेच, जिन्यात, कठड्यावर ठेका धरला.

आता ती गोदामात नाही. गावाजवळच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला लागली. रिटर्नच्या टेबलावर एक मुलगा आहे, तो कानात हेडफोन घालून निमूट पार्सलं भरतो. गिऱ्हाइकांना शिव्या घालणारं कोणी उरलेलं नाही. आम्ही अजून खेळतो, पण तिची शिकारीण कोणाला देत नाही. एकदा एका नव्या पोराने मागितली तर पाटील त्याच्या अंगावर धावून गेला. मला तिची फार आठवण येते, आणि येते तेव्हा ती त्या सकाळची येते.

पाटलाच्या मामाच्या पिकअपमधून आम्ही बोहाड्याला पोचलो तेव्हा उजाडलं होतं. रात्रभराची सोंगं होऊन गेली होती, थोडीच उरलेली. धूळ, उदाचा वास, संबळ आणि पिपाणी. बाया एका बाजूला दाटीने बसलेल्या. पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत खांद्यावर टॉवेल टाकून एक वाळका म्हातारा, दोन्ही हात काठीवर. तो तिचा बाप, हे सांगायला कोणी लागलं नाही, कारण हनुवटी तीच.

राक्षसीण आली. लाल तोंड, सुळे, आणि आजवर पुरुष नेसायचे ते हिरवं लुगडं. आडव्या बांधलेल्या दोरीखालून ती वाकून आत शिरली आणि पुकारणाऱ्याने तोंडाशी माईक धरला. रीत अशी की सोंग आत आलं की त्या घराच्या कर्त्या पुरुषाचं नाव पुकारायचं. त्याने म्हाताऱ्याचं नाव घेतलं.

म्हातारा काठी टेकत उभा राहिला.

"आरं, मी तर हितं बसलोय! नाचते ती कोन हाय?"

"काका, रीत हाय..."

"सोंग माझ्या घरचं हाय. पोरीचं नाव घे!"

संबळ थांबली. चुलत्याच्या घरची माणसं खाली बघायला लागली. खाटेवरचा तो सर्वांत म्हातारा जाणता काही बोलेल म्हणून सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने नुसता हात हलवला, घे म्हणून. आणि पुकारणाऱ्याने तिचं नाव घेतलं. माईकवर. डोंगरापर्यंत गेलं ते.

राक्षसीण जागच्या जागी वळली. संबळ पुन्हा कडाडली, आणि जी सुटली, जी सुटली! बाया किंचाळत मागे सरकल्या, पोरं झाडावर चढली, पाटील माझ्या मागे लपला, आणि अन्सारीभाई, सहा फुटांचा माणूस, पिकअपच्या टपावर जाऊन बसले. मी घसा फुटेस्तोवर ओरडत होते, काय ओरडत होते ते आठवत नाही. ती गरकन फिरली आणि सुळे काढून थेट बापावर धावली. आजूबाजूचं सगळं रिंगण फुटलं, खुर्ची उलटली. एकटा म्हातारा हलला नाही. काठी टाकून, वाकड्या गुडघ्यांवर, दोन्ही हात पसरून तो तिच्यासमोर उभा होता आणि हसत हसत ओरडत होता, "ये गो बाय, ये!"