भीमाबाईंचं पाटन

भीमाबाई पाटनकरांचा मला गेली पन्नास वर्षं हेवा वाटतो. त्या दवाखान्यात नर्स होत्या, मी शाळेत शिक्षिका. जबलपूरच्या सदर बाजारात आजही लोक त्यांना थांबवून तान्हं मूल दाखवतात. माझे विद्यार्थी मला ओळखतात आणि रस्ता बदलतात. पण हेवा त्याचा नाही, आडनावाचा आहे.

माझं माहेर चिटणीस, सासर पोतनीस. दोन्ही कुणा पुरुषांच्या दरबारी नोकऱ्या. एकाने पत्रं लिहिली, दुसऱ्याने खजिना सांभाळला. मला कुणी काही विचारलं नाही.

जुलै १९७४. शाळेत प्रवेशाच्या टेबलावर मी बसले होते. भीमाबाई पाच वर्षांच्या मुलाला, वीरेंद्रला, घेऊन आल्या. सासरचं जुनं आडनाव सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, ते लिहू नका. गावात ते हिणवायलाच वापरत. मी तेव्हा लिहिलं नाही, आताही लिहीत नाही. मग काय लिहू, विचारलं.

"पाटनकर लिहा. पहिली नोकरी पाटनला लागली. तिथंच पहिल्यांदा मला कोणी सिस्टरजी म्हटलं."

मी लिहिलं. शाई वाळायच्या आत एक घराणं तयार झालं.

गेल्या मंगळवारी त्या नातवाला, अश्वजीतला, घेऊन माझ्याकडे आल्या. त्याचं लग्न ठरलंय. पत्रिकेत मूळ गाव 'पाटण, जिल्हा सातारा' छापायला निघाला होता. तिथले पाटणकर मोठे सरदार, असं मोबाइलवर वाचलं म्हणे. आजीचं पाटन इथून तासाभरावर, हे त्याला पटत नव्हतं. पत्रिका संध्याकाळी छापायला जाणार होती.

"मॅडम, तुम्ही तर रोजचं लिहून ठेवता," भीमाबाई म्हणाल्या. "हा माझं ऐकूनच नाही राहिला."

वही कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात होती. पानही मला ठाऊक होतं. मी म्हणाले, जुन्या वह्या वाळवीने खाल्ल्या. रोजनिशीबद्दल आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, कारण त्या पानावर भीमाबाई एकट्या नव्हत्या.

त्यांनी वाद घातला नाही. चहाचा कप ठेवला, 'चलो बेटा' म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. अश्वजीत दारातूनच छापखान्याला फोनवर सांगू लागला, सातारा पक्कं. ते मला ऐकवेना. भीमाबाईंनी निवडलेलं नाव आयतंच सरदारांकडे चाललं होतं. मी कपाट उघडलं.

कॉन्व्हेंटच्या सवयीने माझी रोजनिशी इंग्रजीत. भीमाबाईंचा चष्मा घरी राहिलेला, म्हणून अश्वजीतच त्यांना अर्थ सांगत गेला: तारीख, प्रवेश, पाटन, सिस्टरजी. मग तो अडखळला.

"और ये क्या है, आजी?" त्याने मला विचारलं.

खाली माझ्याच अक्षरात माझं नाव होतं, इथल्या जागांची आडनावं लावून: अंजनी सदरकर. अंजनी भेडाघाटकर. अंजनी ग्वारीघाटकर. अशी अकरा.

मी वही मिटायला हात पुढे केला. भीमाबाईंनी मात्र ती सगळी पुन्हा वाचायला लावली, बारशाची नावं ऐकावीत तशी.

"ग्वारीघाटकर छान आहे. काहून नाही घेतलं?"

"मला विचारायला टेबलापलीकडे कोणी बसलं नव्हतं," मी म्हणाले.

आज पत्रिका आली. आत मूळ गाव पाटन, जिल्हा जबलपूर. पाकिटावर मी तशीच, पोतनीस.